भाडेकरूची भीड

पारनेर हा दुष्काळी तालुका. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने पावसाचा थेंब कसा अडवावा हे साऱ्या राज्याला शिकवले. उन्हाळा आला की इथल्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. अशा तालुक्यात राहून गेली चार वर्षे माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी ठिबकत आले आहे. वरच्या फ्लॅटच्या मोरीचा पाइप स्लॅबमध्ये कुठेतरी फुटला आहे. खाली आम्ही पातेले ठेवतो. रात्री सगळे निजले की पातेल्यात पडणारा थेंब ऐकू येतो, आणि दर वेळी माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. महिन्याच्या पाच तारखेला पूर्ण भाडे मोजून देणारी मी, या पाइपाबद्दल मालकाशी सरळ, ताठ मानेने का बोलू शकत नाही?

सांगितले नाही असे नाही. अनेकदा सांगितले. पण सांगण्याची माझी रीत अशी, की आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी, मग त्यांच्या नातवाच्या अभ्यासाची, मग जाता जाता, जणू आत्ताच आठवले म्हणून, "चाचा, वो पाइप का जरा देखते तो..." आणि चाचा म्हणतात, "हां बेटी, ईद के बाद देखते." चार वर्षांत ईद किती वेळा येऊन गेली ते मोजण्यात अर्थ नाही.

इमारत तीन मजल्यांची, नऊ बिऱ्हाडांची. चाचांनी स्वतःच्या जमिनीवर बांधली. त्यातले चार फ्लॅट विकले, पाच स्वतःकडे ठेवून भाड्याने दिले. सोसायटी कधी स्थापन झाली नाही. देखभालीचे पैसे चाचांचा पुतण्या गोळा करतो. दर महिन्याला चारशे रुपये, रोख. जिन्यातला दिवा गेला तर तो महिनाभर जातो. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली हे पुतण्यालाही सांगता येणार नाही. एकदा टाकीत मेलेले कबुतर निघाले, तेव्हा त्याने आमच्यावरच आरोप ठेवला की झाकण कोणीतरी उघडे टाकले. झाकण दोन वर्षांपूर्वीच वाऱ्याने उडाले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. तेही त्याला कोणी म्हणाले नाही.

आता दुसरी बाजू सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा प्रश्न कळायचा नाही.

माझी नेमणूक इथल्या उर्दू शाळेत झाली तेव्हा आम्ही तीन महिने घर शोधत होतो. माझ्या यजमानांची नोकरी सुपा एमआयडीसीत. तिथे कारखाने वाढले तशी आसपासच्या खोल्यांची भाडीही वाढली. पण भाडे ही आमची अडचण नव्हती. ओळखीचे एक मराठा गुरुजी आमच्याबरोबर हिंडायचे. घर पाहून व्हायचे, पसंत पडायचे, मग मालक नाव विचारायचा. नाव सांगितले की जागा कालच गेलेली असायची, नाहीतर मुलाचे लग्न ठरलेले असायचे. एक बाई मात्र खरे बोलल्या: "आमची काही हरकत नाही हो, पण शेजारी काय म्हणतील?" गुरुजी बिचारे आमच्यापेक्षा जास्त ओशाळायचे. अशा वेळी चाचांनी नाव विचारले नाही, अनामत रक्कम अर्धी घेतली, आणि सामान उतरवताना घरून डबा पाठवला. पहिल्या रमजानमध्ये त्यांच्या घरून रोज इफ्तारीचे ताट आले. त्यांनी मला बेटी म्हटले ते तोंडदेखले नव्हते.

म्हणजे गाठ इथे आहे. ज्याने दार उघडले त्याचे उपकार मानायचे, की त्याच्याकडून पाइप दुरुस्त करून मागायचा? दोन्ही एकाच वेळी करता येते, असे कागदावर लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात तोंड उघडायच्या आधीच मनात कोणीतरी बजावते: कृतघ्न होऊ नकोस.

आपल्या बोलीत याला लिहाज म्हणतात. मराठीत भीड. मी बरेच दिवस या दोन शब्दांचा अर्थ एकच समजत होते. आता वाटते, तसे नाही. लिहाज समोरच्याच्या मोठेपणाचा असतो. भीड आपल्या गरजेतून येते. चाचांचे वय, त्यांची हज, त्यांचा डबा यांचा मी लिहाज करते, हे खरे. पण उद्या मला पारनेरमध्ये सहज दुसरे घर मिळत असते, तर मी इतक्या मऊ आवाजात बोलले असते का? नसते. तेव्हा माझ्या मऊपणातला बराचसा भाग अदब नाही, भीती आहे. मी त्या भीतीला सद्गुणाचे नाव देऊन ठेवले होते. (पारनेर हे सेनापती बापटांचे जन्मगाव. मुळशीच्या लोकांची घरे-जमिनी धरणात जाऊ नयेत म्हणून १९२१पासून त्यांनी केवढ्या मोठ्या सत्तेशी झुंज घेतली! त्यांच्या गावात राहून मला एका प्लंबरसाठी तोंड उघडवत नाही.)

सीरतमधला एक प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला आहे. हिजरत करून रसूलुल्लाह (स.) मदिनेत आले तेव्हा त्यांचे स्वतःचे घर नव्हते. हजरत अबू अय्यूब अन्सारी (र.) यांच्या घरी ते उतरले. येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून खालचा मजला त्यांनी पसंत केला. यजमान वर राहिले. एके रात्री वर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली ठिबकू नये म्हणून अबू अय्यूब आणि त्यांच्या पत्नीने अंगावर घ्यायचे पांघरूण त्या पाण्यावर टाकले. घरात तेवढे एकच पांघरूण होते. रात्र त्यांनी तशीच काढली.

हा प्रसंग आपण प्रेषितांवरच्या प्रेमाचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण गळक्या छताखाली चार वर्षे काढलेल्या बाईला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या घरात यजमान वर होता आणि पाहुणा खाली, आणि पाण्याची काळजी यजमानाने केली. आपण आसरा दिला आहे, तेव्हा दोन थेंब पडले तर पाहुण्याने चालवून घ्यावे, असा हिशेब त्याने केला नाही. आसरा दिल्यामुळे त्याची जबाबदारी वाढली, कमी झाली नाही. आपल्याकडे मात्र उलटे होऊन बसले आहे. घर दिले, हेच एवढे मोठे झाले, की ते राहण्याजोगे ठेवणे हे जास्तीचे काम वाटू लागले. देणाऱ्यालाही, घेणाऱ्यालाही.

आणि पुढची गोष्ट. मशिदीसाठी जी जागा पसंत पडली ती दोन अनाथ मुलांची होती. ती मोफत देण्याची तयारी दाखवली गेली, पण प्रेषितांनी किंमत देऊनच घेतली. ज्यांच्यासाठी लोक जीव द्यायला तयार होते त्यांनीही व्यवहाराचा व्यवहार ठेवला. कुरआनात हजरत मूसांची (अ.) कथा आहे. मिसरमधून पळून ते मदयनला आले, परके, निराधार. तिथल्या वृद्धाने त्यांना ठेवून घेतले, मुलगी देऊ केली. पण किती वर्षे काम करायचे ते आधी ठरले. आठ वर्षे, आणि दहा केली तर ती मूसांची मर्जी. सासरा-जावई झाले तरी मुदत बोलून घेतली. त्यामुळे नात्यात काही कडवटपणा आला, असे कुठे दिसत नाही.

गेल्या वर्षी मला एका कागदपत्रासाठी भाड्याची पावती हवी होती. मी चाचांकडे मागितली. त्यांना खरोखर वाईट वाटले. "अपने घर का मामला है बेटी, पावती कायको?" मी ओशाळले, आणि पावतीशिवाय परत आले. घरी येऊन विचार करू लागले, तेव्हा आठवले की कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरे बकरातली, व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ती उधारीबद्दल आहे, भाड्याबद्दल नाही, हे मला मान्य. पण लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास, ही समजूत आपण कुठून आणली? त्या आयतीत तर रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका असे बजावले आहे. आम्ही ती आयत पाठ करतो, आणि पावती मागितली की रुसतो.

बेटी, चाचा, भाभी, भाईजान. हे शब्द सुंदर आहेत, आणि मला ते सोडायचे नाहीत. पण भाडेकरू आणि मालक यांच्यामध्ये ते आले की एक विचित्र गोष्ट घडते. भाडे मागताना व्यवहार आठवतो, दुरुस्ती मागताना नाते. पाच तारीख चुकली तर पुतण्या येतो. पाइप फुटला तर चाचा भेटतात. मी हे कपट म्हणत नाही. चाचांना बहुधा हे जाणवतही नसेल. पण नात्याचा शब्द दोन्ही दिवशी सारखा चालायला हवा, एवढे तरी म्हणता येईल.

कायदा काय म्हणतो, फिकह काय म्हणते, हेही मी माझ्या परीने पाहिले. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२चा जुना कायदा अजून चालू आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तेव्हा भाडेकरूने ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशी त्यात सोय आहे. महाराष्ट्राचा १९९९चा भाडे नियंत्रण कायदा ज्या भागांना लागू आहे तिथे मालकाला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असता कामा नये. हनफी फिकहवर आधारलेली ‘मजल्ला’ ही संहिता तुर्की सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झाली. तीही घराची डागडुजी, पाण्याच्या वाटा ही मालकाचीच कामे मानते. मात्र मालकाने ती केली नाहीत तर भाडेकरूने काय करावे? घर सोडून जावे. आणि घर घेतानाच त्याने ते दोष पाहिले असतील, तर ते त्याने कबूल केले असे धरले जाते. मग त्या कारणावरून त्याला सोडताही येत नाही. मालकाने न सांगता त्याने स्वतः दुरुस्ती केली तर ते दान समजायचे.

या शेवटच्या भागापाशी मी अडले. पाहिले आणि घेतले, म्हणजे कबूल केले. वाण्याच्या दुकानात हे अगदी बरोबर आहे. वांगी किडकी दिसली तर मी शेजारच्या गाडीवर जाईन. पण ज्याला शेजारची गाडीच नाही त्याच्या कबुलीचे काय? तीन महिने हिंडून ज्याला एकच दार उघडे मिळाले, त्याने पाहून घेतले काय आणि न पाहता घेतले काय. जुन्या फकीहांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे असा भाडेकरू होता ज्याला ‘घर सोड’ म्हटल्यावर दुसरे घर मिळत असे. आमच्याकडे ‘सोडून जा’ हा सल्ला नुसता सल्ला राहत नाही, ती धमकी होते.

दारे बंद असण्याची ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. सच्चर समितीने २००६च्या अहवालात मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने मिळवताना येणाऱ्या अडचणी नोंदवल्या, आणि त्यातून वस्त्या कशा एकवटत जातात तेही सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ साली, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. दारे बंद झाली की आतल्या दारांची किंमत वाढते. हे अर्थशास्त्र मला शिकवावे लागत नाही, मी त्यात राहते. जो आपला माणूस आपल्याला घर देतो, त्याच्या हातात नकळत एक अधिकार येतो, आणि तो अधिकार त्याला बाहेरच्यांच्या नकारांनी दिलेला असतो. चाचांनी मागितला नव्हता. पण परत तरी कुठे केला?

इथपर्यंत लिहून मला बरे वाटले असते, जर मी नगरची नसते.

नगरमध्ये मुकुंदनगरला माझ्या आईचे घर आहे. अब्बांच्या माघारी आईने मागची खोली भाड्याने दिली. पत्र्याची खोली, मोरी बाहेर. त्यात एक मजूर कुटुंब कितीतरी वर्षे राहिले, नवरा-बायको आणि तीन मुले. पावसाळ्यात पत्र्याच्या जोडातून पाणी यायचे. ती बाई आईकडे यायची, आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि मग जाता जाता, जणू आत्ताच आठवले म्हणून, पत्र्याचे बोलायची. मी तिथे बसून अभ्यास करत असायची. आई म्हणायची, "देखते, बारिश जाने दे." बारिश जायची. मग पत्र्याची गरजही जायची. आईला मी कठोर म्हणणार नाही. ईदला त्या घरात शिरखुर्मा जायचा, मुलांना कपडे जायचे. पण पत्रा नवा झाला तो ते कुटुंब निघून गेल्यावर, भाडे वाढवायचे होते म्हणून. आणि त्या खोलीच्या भाड्यातून माझ्या बी.एड.ची फी भरली गेली.

आज मी त्या बाईचा आवाज ओळखते, कारण तोच आवाज माझ्या गळ्यातून निघतो. तेव्हा मी तो अदब समजत होते. किती छान, नम्र बाई आहे, असे मला वाटायचे.

मालकाची बाजू नसतेच असेही नाही. मुंबईत १९४७च्या कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. पुढे कित्येक दशके मालकाला जे भाडे मिळत राहिले त्यात गिलावाही होत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली, ही गोठवणूक आता न्याय्य राहिलेली नाही, असे म्हटले. मालक म्हणाला भाडे वाढव, भाडेकरू म्हणाला आधी दुरुस्त कर, आणि दोघांच्या वादात तुळई कुजत राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसे गेली. पण सगळा दोष जुन्या भाड्यांवर टाकता येत नाही. महाडची तारिक गार्डन काही जुनी नव्हती, उभी राहून दहा वर्षेही झाली नव्हती; ती २४ ऑगस्ट २०२०ला पडली आणि सोळा जणांना घेऊन गेली. महिन्याभरात, २१ सप्टेंबरला, भिवंडीची जिलानी इमारत पहाटे पडली. तिच्यात लहान मुले किती होती ते तेव्हा वर्तमानपत्रांत वाचवत नव्हते. या नावांकडे पाहिले तर ही बहुतेक आपलीच माणसे. बांधणारेही बऱ्याचदा आपलेच, राहणारेही आपलेच. अशा इमारतींत किती जणांनी भेग पाहिली असेल, आणि किती जणांनी लिहाज केला असेल?

आमच्या पाइपाने इमारत पडणार नाही, असे पुतण्या म्हणतो. पडणार नाही बहुधा. स्लॅबच्या सळया मात्र गंजत आहेत. गिलाव्याचा पोपडा पडला त्या जागी त्या दिसतात, लालसर.

आम्ही स्वतः दुरुस्त करून पाहिले नाही का? पाहिले. सूरे कहफ आपण दर जुम्याला वाचतो. त्यात मूसा (अ.) आणि हजरत खिज्र (अ.) एका गावात येतात. गाव त्यांना जेवू घालायला नकार देते. त्याच गावात एक भिंत पडायला आलेली असते, आणि खिज्र ती उभी करतात, फुकट. मूसा म्हणतात, निदान मजुरी तरी घ्यायची. पुढे कळते की ती भिंत दोन अनाथांची होती आणि तिच्याखाली त्यांची ठेव होती. मला वाटले, आपणही हिशेब न करता भिंत नीट करावी. प्लंबर बोलावला. त्याने खालून पावडर भरली, बाराशे रुपये घेतले, आणि सांगितले की खरे काम वरून आहे, मोरीची फरशी फोडावी लागेल. पुतण्या म्हणाला, फरशीला हात लावायचा नाही, ती महागाची आहे. खिज्रना परवानगी विचारायची नव्हती. शिवाय त्यांना ठाऊक होते की भिंत अनाथांची आहे. आमच्या भिंतीखाली काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे: तळमजल्यावर पुतण्याचे मोबाइलचे दुकान.

वरच्या बिऱ्हाडाचा दोष नव्हता. तेही आमच्यासारखे भाडेकरू, जळगावकडचे जोडपे. आंघोळ करताना ते कमी पाणी वापरायचे, आमच्यासाठी. ती मुलगी एकदा म्हणाली, "ताई, तुमच्या घरात पडतं म्हणून मी केस धुवायला रविवारी माहेरी जाते असं वाटतं मला." आम्ही हसलो. पण पाहा, मालकाने न केलेल्या दुरुस्तीची किंमत दोन भाडेकरू एकमेकींना देत होत्या.

मागच्या महिन्यात ते जोडपे बदली होऊन गेले. वरचा फ्लॅट रिकामा झाला आणि ठिबकणे थांबले. चाचा स्वतः पाहायला आले. कोरड्या छताकडे बोट करून म्हणाले, "देख बेटी, अपने आप रुक गया ना?" मग रंगारी आला. त्याने वरचा फ्लॅट रंगवला, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या छतावरही एक हात मारून गेला. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या घराला रंग लागला. मी चाचांचे आभार मानले. मनापासून मानले, हे लिहिताना लाज वाटते.

आम्ही राहायला आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर आदल्या भाडेकरूचे एक कॅलेंडर लटकत होते, आदल्या वर्षाचे. मी ते काढायला गेले तर चाचा म्हणाले, राहू दे, खिळा निघाला तर गिलावा निघेल. पहिल्या जुलैत कॅलेंडर ओले होऊन खाली पडले, तेव्हा मागचा डाग दिसला. मी बरेच दिवस त्या आधीच्या बाईवर चिडून होते. तिने मला का सांगितले नाही? तिचे-माझे काय वैर होते? प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य लागले, ही हदीस ठाऊक नाही असे मुसलमान घर नसेल. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. त्याला विचारले गेले, मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. १८८२चा कायदाही मालकाला हेच सांगतो: तुला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला साध्या पाहणीत न दिसणारा दोष आधी उघड कर. पण हदीसमधला सवाल फक्त विकणाऱ्याला आहे का? ज्याला आत हात घालून ओल लागली आहे त्या प्रत्येकाला तो नाही का?

कारण आता ती जागा माझी आहे. आमच्या शाळेत परभणीकडची एक तरुण शिक्षिका नव्याने आली आहे, एकटी, सध्या एका नातेवाइकाकडे अडचणीत राहते. चाचांनी मला निरोप दिला, वरचा फ्लॅट तिला दाखव, तुझ्या शब्दावर घेईल. तिलाही दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर जागा गेलेली आढळली होती. यजमान म्हणाले, "काही बोलू नकोस. तिला छप्पर मिळतंय, ते तोडू नकोस." त्यांचेही चूक नाही. मी खरे सांगितले आणि तिने घर नाकारले, तर ती कुठे जाईल? चाचा दुखावतील ते वेगळेच. आणि मी गप्प बसले, तर तिच्या पहिल्या आंघोळीला माझे छत पुन्हा गळेल. म्हणजे माझ्या खरे बोलण्यात माझाही स्वार्थ आहे. तोही मला लपवता येत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन वर गेले. फ्लॅट छान दिसत होता, पांढरा, उजेडाचा. तिला फार आवडला. मी काही बोलले नाही. मोरीत जाऊन नळ सोडला, दोन बादल्या भरून फरशीवर ओतल्या, आणि तिला म्हटले, चल खाली. ती बुचकळ्यात पडली. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी खुर्च्या टाकून नव्या रंगाच्या छताकडे पाहत बसलो. मी चहा ठेवला. चहा उकळायच्या आत रंगावर एक करडा ठिपका उमटला, पसरला, आणि पहिला थेंब पडला.

ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाजी, दुसरं घर आहे का कुठं?"

मी म्हटले, "माझ्या माहितीत नाही."

मग आम्ही तिच्या वहीच्या पानावर चाचांना पत्र लिहिले, उर्दूत, कारण ते उर्दूच वाचतात. फरशी फोडून पाइप बदलल्यावर ती फ्लॅट घेईल, आणि पंधरा दिवसांत काम झाले नाही तर मी प्लंबर लावून खर्च माझ्या भाड्यातून वळता करीन, असे लिहिले. दोघींनी सह्या केल्या, तारीख घातली. संध्याकाळी नेऊन दिले. चाचांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. काही बोलले नाहीत. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले, आणि आत हाक मारून तीन कप चहा सांगितला. आम्ही चहा घेतला. त्यांनी त्या मुलीला तिच्या घरी कोण-कोण असते ते विचारले, परभणीकडे पाऊस कसा आहे ते विचारले.

पावती मागायची त्या दिवशीही राहूनच गेली.